ग्राफिक्स नसलेले स्वस्त प्रोसेसर: नागपुरात पीसी असेंबल करणाऱ्यांचे वारंवार विचारले जाणारे प्रश्न

इंजिनिअरिंगचे प्रवेश सुरू झाले की बर्डीवर (सीताबर्डीच्या बाजारात) असेंबल पीसीची कोटेशनं निघू लागतात. त्यातल्या बऱ्याच कोटेशनांत इंटेल प्रोसेसरच्या नावाच्या शेवटी ‘एफ’ असतो, किंवा एएमडी कंपनीचा रायझन असेल तर ‘जी’ नसतो. ते एक अक्षर काय सांगतं, हे गिऱ्हाइकाला अनेकदा मशीन घरी नेऊन मॉनिटर लावल्यावर कळतं. असे प्रोसेसर वाईट नाहीत, काही तर पैशाच्या मानाने उत्तम आहेत. फक्त ग्राफिक कार्ड त्याच बिलात घेणार असाल तरच ते घ्यावेत, असं माझं ठाम मत आहे. ते का, हे पुढच्या उत्तरांत आहे.

ग्राफिक्स नसलेला प्रोसेसर म्हणजे नेमकं काय?

मॉनिटरवर जे दिसतं ते तयार करणारा भाग वेगळा असतो. बहुतेक इंटेल प्रोसेसरांत आणि रायझनच्या काही प्रोसेसरांत तो चिपच्या आतच बसवलेला असतो. त्यामुळे वेगळं कार्ड न लावता एचडीएमआय केबल थेट मदरबोर्डला जोडून काम होतं. ज्या प्रोसेसरांत हा भाग नाही किंवा कंपनीने कायमचा बंद केला आहे, त्यांना चित्र दाखवण्यासाठी ग्राफिक कार्ड लागतंच. बायोसमध्ये (मदरबोर्डच्या मूळ सेटिंगमध्ये) जाऊन किंवा ड्रायव्हर टाकून तो चालू करता येत नाही. कोणी ‘सेटिंग करून देतो’ म्हणालं तर विश्वास ठेवू नका.

नावावरून ओळखायचं कसं?

इंटेलचं सोपं आहे. शेवटी ‘एफ’ किंवा ‘केएफ’ असेल तर ग्राफिक्स नाही: आय३-१२१००एफ, आय५-१२४००एफ, आय५-१३४००एफ. नुसता आय५-१२४०० असेल तर आहे. ‘के’ आणि ‘टी’ या अक्षरांचा ग्राफिक्सशी संबंध नाही. एफ मालिकेच्या खोक्यावर ‘डिस्क्रीट ग्राफिक्स रिक्वायर्ड’, म्हणजे वेगळं कार्ड लागेल, असं छापलेलं असतं. ते वाचल्याशिवाय सील फोडू देऊ नका.

एएमडीमध्ये गोंधळ जास्त आहे. एएम४ सॉकेटवरच्या (सॉकेट म्हणजे बोर्डावर प्रोसेसर बसतो ती जागा) रायझन १००० ते ५००० मालिकांत नियम उलटा आहे. तिथे ‘जी’ असेल तरच ग्राफिक्स, म्हणजे ३२००जी, ४६००जी, ५६००जी, किंवा मग ५६००जीटी. नुसत्या २६००, ३६००, ४५००, ५५००, ५६०० मध्ये नाही. मागचा ‘एक्स’ फक्त वेग जास्त असल्याचं सांगतो. एएम५ वर ७००० मालिका २०२२ मध्ये आली तेव्हा हे बदललं: रायझन ५ ७६०० मध्ये चित्र दाखवण्यापुरतं छोटं ग्राफिक्स आहे, पण ७५००एफ मध्ये नाही. ८६००जी मध्ये चांगलं दमदार ग्राफिक्स आहे, ८४००एफ मध्ये अजिबात नाही.

म्हणून कोटेशनवर ‘आय५ १२वी जनरेशन’ किंवा ‘रायझन ५’ एवढंच लिहिलेलं असेल तर ते कोटेशन अपुरं आहे. पूर्ण नाव, शेवटच्या अक्षरासकट लिहून मागा.

कंपन्या असा प्रोसेसर विकतातच कशाला? बिघडलेला माल असतो का?

काही अंशी हो, पण त्यात फसवणूक नाही. एका सिलिकॉन चकतीवर शेकडो चिप बनतात आणि काहींमध्ये नेमका ग्राफिक्सचा भाग सदोष निघतो. बाकीचे कोअर, म्हणजे प्रत्यक्ष काम करणारे भाग, ठणठणीत असतात. अशा चिपा फेकण्याऐवजी तो भाग बंद करून वेगळ्या नावाने विकल्या जातात. इंटेलने ही एफ मालिका जानेवारी २०१९ मध्ये, नवव्या पिढीपासून आणली. त्या काळात इंटेलकडे उत्पादनाची टंचाई होती, आणि असा माल बाजारात आणण्यात तिचा फायदा होता. पुढे मागणी वाढली की ग्राफिक्स चांगलं असलेल्या चिपाही एफ म्हणून जाऊ शकतात.

रायझन ३६०० किंवा ५६०० ची गोष्ट वेगळी. त्यांची रचनाच तुकड्यांची आहे, आणि त्यातल्या एकाही तुकड्यावर ग्राफिक्स मुळातच नाही. रायझन ५ ५५०० मात्र ५६००जी च्याच घराण्यातला, ग्राफिक्स बंद केलेला प्रोसेसर आहे. याचा परिणाम पुढे कार्ड निवडताना दिसतो.

एफ घेतला तर वेग कमी होतो का?

नाही. १२४०० आणि १२४००एफ दोन्हींत ६ कोअर, १२ थ्रेड (एका वेळी चालणारी कामं), १८ एमबी कॅश (चिपमधली झटपट मेमरी) आणि ४.४ गिगाहर्ट्‌झपर्यंत तोच वेग आहे. कार्ड लावल्यावर गेममध्ये दोघांत फरक जाणवत नाही.

मग वाचतात किती?

बाजारात आले तेव्हा १२४०० ची इंटेलने सांगितलेली किंमत १९२ डॉलरपासून होती आणि १२४००एफ ची १६७ पासून. १२१०० आणि १२१००एफ मध्येही १२२ विरुद्ध ९७. म्हणजे दोन्हीकडे २५ डॉलर, त्या वेळच्या दराने साधारण अठराशे-एकोणीसशे रुपये. बर्डीवर हा फरक कधी वाढतो, कधी पाचशेवर येतो. कोटेशन घेताना दोन्हींचे भाव एकाच दिवशी, एकाच दुकानात विचारा. फरक हजाराच्या आत असेल तर ग्राफिक्सवालाच घ्या, कार्ड घेणार असलात तरी.

“मशीन आता घेऊन जा, कार्ड दिवाळीत टाकू, असं दुकानदार म्हणते. चालन का?”

नाही चालणार. दिवाळीपर्यंत त्या मशीनवर काहीच दिसणार नाही. पंखे फिरतील, लाइट लागेल, कदाचित विंडोजही आतल्या आत चालू होईल, पण मॉनिटरवर ‘नो सिग्नल’. काही मदरबोर्ड तर कार्ड नसेल तर सुरूच होत नाहीत, बीप देऊन किंवा ‘व्हीजीए’चा लाल दिवा लावून थांबतात.

दुकानदार एवढ्यावर थांबला नाही आणि ‘तोपर्यंत एखादं जुनं कार्ड लावून देतो’ म्हणाला, तर ते कोणतं कार्ड आहे, बिलात आहे की उसनं, आणि परत कधी द्यायचं, हे स्पष्ट विचारा. हप्त्याहप्त्याने मशीन उभं करणाऱ्या विद्यार्थ्यांचं मला खरंच वाईट वाटतं. वडिलांनी तीस-पस्तीस हजार दिलेले असतात आणि पोरगा पहिलं सेमिस्टर मित्राच्या लॅपटॉपवर काढतो. ज्याला कार्ड नंतर घ्यायचं आहे, त्याच्यासाठी हा प्रोसेसर नाहीच.

कार्ड सध्या घ्यायचं नसेल तर काय घ्यावं?

गेम खेळायचे नसतील, कोडिंग, ऑफिसचं काम आणि थोडं ऑटोकॅड एवढंच असेल, तर आय३-१२१०० पुरे. थोडे हलके गेमही हवे असतील तर रायझन ५ ५६००जी किंवा ५६००जीटी. ५६००जी मधलं वेगा ७ ग्राफिक्स इंटेलच्या यूएचडी ७३० पेक्षा बरंच ताकदवान आहे. पण त्याला स्वतःची मेमरी नसते, ते रॅमच वापरतं. म्हणून १६ जीबीची एकच पट्टी लावण्याऐवजी ८-८ च्या दोन लावा. एका पट्टीवर गेमचा वेग खूपच पडतो, आणि कोटेशनमध्ये हमखास एकच पट्टी लिहिलेली असते.

५६००जी ची एक उणीव आहे. त्यात कॅश १६ एमबी आहे, ५६०० मध्ये ३२ एमबी. शिवाय ५६००जी पीसीआयईच्या (कार्ड आणि प्रोसेसरमधल्या जोडमार्गाच्या) जुन्या, हळू ३.० आवृत्तीवरच चालतो. पुढे मोठं कार्ड लावलंत तर ५६०० थोडा पुढे राहील. पहिल्या दिवसापासून मशीन वापरता येणं याचं मोल त्याहून जास्त आहे.

कार्ड लावलंय, तरी स्क्रीन काळीच. काय करू?

आधी मागे बघा. मॉनिटरची केबल मदरबोर्डच्या वरच्या बाजूच्या एचडीएमआयमध्ये असेल तर काढून खाली आडव्या पट्टीत, कार्डच्या पोर्टमध्ये लावा. मदरबोर्डवर पोर्ट असतो, कारण तोच बोर्ड ग्राफिक्सवाल्या प्रोसेसरसाठीही विकला जातो. एफ प्रोसेसर असताना ते पोर्ट नुसतं भोक आहे. त्यानंतर कार्डला पॉवरची वेगळी केबल लागते का ते बघा. मग कार्ड खाचेत पूर्ण बसलंय का ते.

कोणतंही जुनं, स्वस्त कार्ड चालेल का?

इथे थोडं सावकाश वाचा, कारण एफ प्रोसेसरवर वाचवलेले पैसे इथेच जातात.

२०१० च्या आसपासची जीटी २१० सारखी कार्डं आजही पाचशे-हजारात मिळतात. त्यांतल्या अनेकांच्या बायोसमध्ये यूईएफआयसाठी, म्हणजे नव्या पद्धतीच्या बायोससाठी, लागणारा भाग नसतो. नव्या मदरबोर्डवर जुनी ‘सीएसएम’ पद्धत बंद असेल तर अशी कार्डं चित्र देत नाहीत. ती चालू करायला बायोसमध्ये जावं लागतं, आणि बायोस दिसायला चालणारं कार्ड लागतं.

जीटी ७१० वर चित्र येतं, कामही होतं, आणि त्याच्या बऱ्याच मॉडेलांवर व्हीजीए पोर्ट असतो. पण त्याच्या पिढीच्या कार्डांसाठी एनव्हिडियाने नियमित ड्रायव्हर २०२१ मध्येच थांबवले. जीटी १०३० घेत असाल तर जीडीडीआर५ मेमरीचं घ्या. त्याच नावाचं डीडीआर४ चं कार्ड बरंच हळू आहे. खोक्यावर बारीक अक्षरात लिहिलेलं असतं, वाचा.

जीटी १०३० आणि रेडिऑन आरएक्स ६४०० या दोन्हींत व्हिडिओ रेकॉर्ड करणारं हार्डवेअर, म्हणजे एन्कोडर, नाही. इंटेलच्या ग्राफिक्समध्ये तो असतो, पण एफ मध्ये ग्राफिक्सच नाही. म्हणजे एफ प्रोसेसर आणि जीटी १०३० अशी जोडी करून ऑनलाइन क्लास रेकॉर्ड करायला बसलात तर सगळा भार कोअरवर पडतो. शिकवण्या घेणाऱ्या सरांनी ही जोडी टाळावी.

आरएक्स ६४०० आणि ६५०० एक्सटी पीसीआयईच्या फक्त ४ लेन वापरतात. पीसीआयई ४.० वर ते चालून जातं, ३.० वर वेग घसरतो. रायझन ५५०० स्वतः ३.० वरच चालतो, आणि ए५२० किंवा बी४५० बोर्डवर ५६०० लाही ३.० च मिळतो. या कार्डांबरोबर १२१००एफ आणि एच६१० बोर्ड जास्त शोभतो, कारण तिथे कार्डाच्या खाचेला ४.० मिळतं.

सेकंड हँडमध्ये पी१०६-१०० नावाचं कार्ड कोणी स्वस्तात दाखवलं तर हात लावू नका. ते क्रिप्टो मायनिंगसाठी बनवलेलं आहे आणि त्याला मॉनिटरचं पोर्टच नाही. सप्टेंबर २०२२ मध्ये इथेरियमचं कार्डांवरचं मायनिंग बंद पडलं आणि जुनी कार्डं ढिगाने बाजारात आली. त्यातली चांगलीही असतात, पण पंखे फिरवून, अर्धा तास गेम चालवून दाखवल्याशिवाय पैसे देऊ नका.

आमचा मॉनिटर जुना, फक्त व्हीजीएवाला आहे.

आजच्या कार्डांत व्हीजीए नसतो. एचडीएमआय ते व्हीजीए कन्व्हर्टर घ्या. डीव्हीआयचा साधा, विनासर्किटचा कनेक्टर आताच्या कार्डांवर चालत नाही.

इतवारीतल्या दुकानासाठी टॅली, बिलिंग आणि प्रिंटर. एफ प्रोसेसर चालेल?

चालेल, पण कशासाठी घ्यायचा? टॅलीला ग्राफिक कार्ड लागत नाही. तुम्ही एफ घेऊन हजार-दीड हजार वाचवणार आणि नुसतं चित्र दिसावं म्हणून दोन-तीन हजारांचं कार्ड घालणार. वर आणखी एक पंखा, आणखी एक बिघडणारी वस्तू. गांधीबाग असो की कळमना, व्यापाऱ्याच्या मशीनमध्ये ग्राफिक्सवाला आय३, ८ किंवा १६ जीबी रॅम आणि एसएसडी एवढं पुरतं. पत्रिका, फ्लेक्स, कोरलड्रॉचं काम असेल तरी माझं उत्तर हेच आहे, फक्त रॅम वाढवा.

लग्नाचे व्हिडिओ एडिट करतो. कार्ड तर घेणारच आहे, मग एफ चालेल ना?

कार्ड घेणारा असूनही ज्याने एफ घेऊ नये, असा हा माणूस. आताचे बरेच कॅमेरे १०-बिट ४:२:२ मध्ये (रंगांची जास्त माहिती असलेली) एचईव्हीसी प्रकारची व्हिडिओ फाइल देतात. इंटेलच्या अकराव्या पिढीपासून पुढच्या ग्राफिक्समधलं क्विक सिंक, म्हणजे व्हिडिओसाठीचा खास भाग, ही फाइल हार्डवेअरवर उघडतं. एनव्हिडियाच्या कार्डांत ही सोय आरटीएक्स ५० मालिकेत आली, त्याआधीच्या ३०६०, ४०६० मध्ये नाही. म्हणजे महागडं कार्ड असूनही टाइमलाइन अडखळते, आणि शेजारच्याचा साधा १२४०० सरसर पुढे जातो. प्रीमिअर प्रो वापरत असाल तर ते जास्तीचे पैसे द्या. लग्नसराईत रात्र-रात्र बसून डिलिव्हरी देणाऱ्या माणसाचा वेळ त्याहून फार महाग आहे.

१२१००एफ, १२४००एफ, ५५००, ५६००: कोणता घेऊ?

बजेट अगदी घट्ट आणि काम मुख्यतः गेमिंग असेल तर १२१००एफ. ४ कोअर, ८ थ्रेड असले तरी एकेका कोअरचा वेग चांगला आहे. गेमबरोबर डिस्कॉर्ड, ब्राउझर, रेकॉर्डिंग असं सगळं एकदम चालवणारे १२४००एफ किंवा ५६०० घ्या. यातला जो त्या दिवशी बोर्डासकट स्वस्त पडेल तो घ्या, दोघांत मी फारसा भेद करत नाही. ५५०० फक्त भाव बराच कमी असेल तर. आणि ४५०० अजिबात नको: ८ एमबी कॅश आहे, नव्या गेममध्ये दम लागतो.

इंटेलच्या बोर्डात एक गोष्ट तपासा: एच६१० बोर्ड डीडीआर४ रॅमचाही येतो, डीडीआर५ चाही. दोन्ही प्रकारच्या पट्ट्या एका बोर्डात चालत नाहीत. जुन्या पट्ट्या वापरायच्या असतील तर त्याप्रमाणे बोर्ड मागा.

नवा ५६०० जुन्या बी४५० बोर्डावर बसेल?

बसेल, पण बायोस अपडेट केलेलं हवं. नसेल तर कार्ड असूनही काळी स्क्रीन, आणि माणूस कार्डालाच दोष देत बसतो. बोर्डावर बायोस फ्लॅशबॅकचं बटण असेल तर प्रोसेसरशिवायही अपडेट होतं. नसेल तर जुना प्रोसेसर काढण्याआधी अपडेट करून घ्या. १४१००एफ जुन्या साठ्यातल्या एच६१० वर लावतानाही हेच.

मे महिन्यात मशीन फार तापतं. ग्राफिक्स नसलेला प्रोसेसर थंड राहतो का?

नाही, फरक नगण्य आहे. उलट कॅबिनेटमध्ये कार्डाची उष्णता वाढते.

नागपूरच्या उन्हाचा हिशेब वेगळा करावा लागतो. हीटसिंक प्रोसेसरला खोलीच्या हवेपेक्षा थंड करू शकत नाही, तो फक्त दोघांमधलं अंतर सांभाळतो. जानेवारीत खोली २० अंशांवर असताना प्रोसेसर ६५ वर राहत असेल, तर नवतपात खोली ४० वर गेल्यावर तोच, त्याच कामाला, ८५ च्या आसपास जातो. रायझन ५६०० ची मर्यादा ९० अंश, १२४००एफ ची १०० अंश. मर्यादेला टेकला की तो स्वतःचा वेग कमी करतो, गेम अडखळू लागतो. १२१००एफ, १२४००एफ, ५६०० यांच्या खोक्यात पंखा येतो आणि साध्या कामाला तो पुरतो. पण दुपारी तासन्‌तास गेम चालणार असेल तर कॅबिनेटला पुढून हवा आत आणि मागून बाहेर, असे किमान दोन पंखे हवेतच. पुढे नुसती काच असलेलं, दिव्यांनी झगमगणारं कॅबिनेट इथे घेऊ नका. जाळीचं घ्या.

कूलरच्या थेट झोतात कॅबिनेट ठेवू नका. गार हवा लागते म्हणून बरेच जण तसं करतात. त्या हवेत ओल असते, आणि ओल आणि धूळ मिळून हीटसिंकवर थर बसतो जो ब्लोअरने निघत नाही. कॅबिनेट बाजूला ठेवा, खिडकी उघडी ठेवा. एप्रिलच्या आधी एकदा आतून साफ करून घ्या.

एसएमपीएस आणि यूपीएस?

कॅबिनेटबरोबर फुकट येणाऱ्या एसएमपीएसवर (मशीनला वीज देणाऱ्या डब्यावर) कार्ड चालवू नका. लेबलवर ४५० वॅट लिहिलेलं असलं तरी खरी क्षमता तेवढी असेलच असं नाही. नावाजलेल्या कंपनीचा, ८० प्लस (वीज कमी वाया घालवल्याचा) शिक्का असलेला घ्या. १२४००एफ पूर्ण भाराला ११७ वॅटपर्यंत घेतो, जीटीएक्स १६५० सारखं कार्ड ७५, आरएक्स ६६०० असेल तर १३२. ६०० व्हीएचा यूपीएस साधारण ३६० वॅट देतो. म्हणजे १६५० सोबत गेममध्येही चालतो, पण मोठं कार्ड आणि मॉनिटर मिळून तो काठावर येतो. वादळात लाइट गेली की काम सेव्ह करून बंद करण्यापुरता वेळ मिळतो, तेवढीच अपेक्षा ठेवा.

सेकंड हँड रायझन १६०० किंवा चायना बोर्डावरचा झिऑन (इंटेलचा सर्व्हरसाठीचा जुना प्रोसेसर)?

दोन्हींत ग्राफिक्स नाही, आणि दोन्ही विंडोज ११ च्या अधिकृत यादीत नाहीत. विंडोज १० चा नियमित आधार १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला. लिनक्स चालवणार असाल तर विचार करा. एएम४ चा जुना प्रोसेसर घेताना उलटा करून पिना उजेडात बघा. इंटेलच्या बाबतीत पिना बोर्डाच्या सॉकेटमध्ये असतात, म्हणून तिथे बोर्ड बघा.

पुढे कार्ड बिघडलं तर?

मशीन बंद. वॉरंटीतलं कार्ड कंपनीकडे जाऊन येईपर्यंत आठवडे लागू शकतात, आणि तोवर ग्राफिक्सवाल्या प्रोसेसरवर काम चालू राहिलं असतं. एफ घेतलाच असेल तर घरात एक चालू, तपासलेलं साधं कार्ड ठेवा, किंवा मित्रांमध्ये मिळून एक ठेवा. बिघाड कार्डात आहे की बोर्डात, हे शोधायलाही तेच लागतं.

बिलात काय असावं?

पक्कं जीएसटी बिल, त्यावर प्रोसेसरचं पूर्ण नाव आणि प्रत्येक वस्तूचा सिरियल नंबर. इंटेल आणि एएमडी दोघांच्याही खोकाबंद प्रोसेसरला ३ वर्षांची वॉरंटी असते. खोक्याविना मिळणारा, ज्याला दुकानात ‘ट्रे’ म्हणतात, तो स्वस्त असतो, पण त्याची वॉरंटी बहुधा विकणाऱ्यापुरतीच. किती महिन्यांची, ते बिलावर लिहून घ्या, आणि मशीन दुकानातच मॉनिटर लावून चालू झाल्यावर उरलेले पैसे द्या.